वुपरतालची विळी

पौड,
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

चि. सायमास, सलाम आणि दुआ.

या घरात माझ्या हातचं काय काय आहे ते एकदा लिहूनच पाठवतो, म्हणजे तुझ्या ध्यानात राहील. पुढच्या दाराची कडी आणि कोयंडा. तुझ्या मामीचं पोळपाट आणि लाटणं, दोन्ही शिसवीचं. टाकीचा पितळी नळ, जो सोळा वर्षांत थेंबभरही गळलेला नाही. मशिदीतल्या वजूच्या जागेचे नऊ पाट. शेडचा दरवाजा, जो एका बोटाने सरकतो. तू लहानपणी जिच्यावरून पडलीस ती तीनचाकी. पडलीस ती स्वतःच्या चुकीने, चाकं सारखी होती. आणि विळ्या. आजवर सहाशे बारा. त्यांतल्या कितीतरी धार लावायला परत आल्या, तक्रार घेऊन एकही आली नाही. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. मोडलेल्या वस्तू उघडून बघत शिकलो.

हे लिहायचं कारण असं की काल फोनवर तू म्हणालीस, तुझ्या जर्मनीतल्या हेल्गाबाईंचा एक हात गेलाय, त्यांना भाजी चिरता येत नाही, म्हणून तू मॉलमधून विजेवर चालणारं चिरायचं यंत्र घेऊन जाणार. त्यावर माझा फोन बंद झाला. चार्जिंग संपलं होतं. पण रागही आला होता.

एका हाताने त्या यंत्राचं झाकण बसवणार कोण, काढणार कोण, धुणार कोण? जरा विचार कर. सुरीने चिरताना एक हात सुरीला लागतो, दुसरा भाजीला. विळीचं पातं आपलं आपण उभं असतं. हात लागतो तो फक्त भाजीला. आपण जमिनीवर बसतो म्हणून पाट पायाखाली दाबतो. त्यांच्याकडे तो टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळू. एका हाताच्या माणसासाठी याहून चांगलं हत्यार जगात कोणी काढलेलं नाही आणि तू मॉलमध्ये चाललीस.

माझा नियम तुला ठाऊक आहे. घेणाऱ्याने कागदावर पंजा ठेवायचा, मी भोवती पेन्सिल फिरवणार, नाव-तारीख घालणार, मगच लोखंडाला हात लावणार. इथे पंजा साडेसहा हजार किलोमीटरवर आहे, म्हणून नियम मोडतो. तू आठवून कळव: टेबलाची उंची, फळीची जाडी, त्यांचा हात केवढा.

फोनवर सांगू नकोस. बोललेलं माप वाऱ्यावर जातं. कागदावर लिही आणि फोटो मामीच्या फोनवर पाठव. टाइप केलेलं चालणार नाही.

तुझा
नसीर मामू


बावधन,
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

नसीर मामू, सलाम.

तुमच्यामुळे पाच वर्षांनी पेन शोधलं. ऑफिसात आम्ही सहीसुद्धा स्क्रीनवर करतो. तुमच्या पत्राच्या फोटोत पहिल्या ओळीवर मामीचा अंगठा आलाय, त्यामुळे सलाम दिसला, दुआ दिसली नाही. ती मिळाली असं धरते.

तीनचाकीची चाकं सारखी नव्हती. अम्मीला विचारा.

आता हेल्गा. तुम्ही तिला बाई म्हणा, मला तिथे नुसतं 'हेल्गा' म्हणावं लागायचं. पहिले दोन महिने जीभच वळेना. वुपरतालला शिकत होते ती दोन वर्षं मी तिच्या घरातल्या वरच्या खोलीत भाड्याने राहिले. आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. दर गुरुवारी तिच्या स्वयंपाकघरात सूप असायचं. भाडेकरू, शेजारी, पूर्वी राहून गेलेले, कोणीही यावं, आपापली वाटी धुवावी. मी डुकराचं खात नाही हे तिला पहिल्या गुरुवारी कळलं. दुसऱ्या गुरुवारी तिने नवं पातेलं आणलं, त्याच्या कानाला लाल दोरा बांधला आणि सगळ्यांना दम दिला, "हे सायमाचं. यात कोणाचा चमचा बुडला तर गाठ माझ्याशी आहे." मी रात्री खोलीत जाऊन रडले होते. कोणाला सांगितलं नाही, तुम्हीही अम्मीला सांगू नका.

फेब्रुवारीत तिला अर्धांगाचा झटका आला. आता चालते, बोलते, भांडतेसुद्धा. एक हात मात्र कामातून गेला. गुरुवार बंद पडले. तिचा मुलगा येन्स ब्रेमेनला असतो. त्याने तिकडच्या वृद्धाश्रमात खोली धरून ठेवली आहे. वाईट नाही तो, घाबरलाय. त्याचं म्हणणं, आईला स्वतःचं दोन वेळचं शिजवून खाता आलं तर राहू दे तिला तिच्या घरात. नाहीतर चार ऑक्टोबरला मी गाडी घेऊन येतो. हेल्गा मला म्हणाली, "तू ये, आपण शेवटचा गुरुवार करू." मी महिन्याची रजा टाकली आहे, ती शेवटचा गुरुवार करायला नाही.

टेबल पंचाहत्तर सेंटिमीटर उंच, फळी चार सेंटिमीटर जाड. परीक्षेच्या दिवसांत त्याच फळीवर डोकं टेकून झोपायचे, म्हणून पक्कं सांगते. हात माझ्यापेक्षा दोन बोटं मोठा. तरुणपणी ती पोस्टात पार्सलं उचलायची.

आणि मामू, मी तिथे शिकले ती सुरक्षा अभियांत्रिकी. अपघात कसे टाळावेत यात पदवी घेतलेली मुलगी विमानातून उघडं पातं नेणार आहे. कृपा करून त्याला म्यान करा.

तुमची
सायमा


पौड,
गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

चि. सायमास, सलाम आणि दुआ.

झाली. सहाशे तेरावी.

पातं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं. पाणी तीनदा दिलं, म्हणजे तापवून तेलात बुडवलं. पहिल्यांदा जास्त कडक झालं, दुसऱ्यांदा मलाच पटलं नाही, तिसऱ्यांदा बसलं. पाट बाभळीचा. त्यावर स्टीलचे तीन काटे आहेत. बटाटा त्यांत रोवला की एका हाताने सोलता येतो. ही कल्पना मला सोमवारी दुपारी जेवताना सुचली आणि मी ताट तसंच ठेवून उठलो. मामी अजून बोलते आहे.

मुख्य गोष्ट पात्याच्या कलाची. नेहमीच्या विळीचं पातं सरळ उभं असतं, कारण दोन हात दोन बाजूंना असतात. हे मी हातापासून पलीकडे कललेलं ठेवलं आहे. खाली पाचर आहे, एक इंचाला एक सूत उतार. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हिशेबाने सात अंशांच्या किंचित वर कल येतो. त्यामुळे बोटं पात्यापासून दूर राहतात आणि चकत्या आपोआप डावीकडच्या ताटलीत पडतात. धारही एकाच बाजूने उतरवली आहे: हाताकडची बाजू सपाट, पलीकडची उतरती. दोन्ही बाजूंनी धार दिली तर कांदा वाकडा कापला जातो.

म्यान चामड्याचं केलं आहे. वजन म्यानासकट एक किलो नऊशे दहा ग्रॅम.

तुझा
नसीर मामू

*(खाली मामीच्या अक्षरात)* सायमा, पिशवीत दोन किलो आंबेमोहर टाकलाय. तिकडच्या मैतरणींना मऊ भात करून घाल. यांची विळी लई देखणी झालीय, पण तसं यांना सांगू नकोस. मी न्हाई सांगितलं.


वुपरताल,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

नसीर मामू, सलाम.

पोचले. विमानतळावर बॅग उघडायला लावली. अधिकाऱ्याने म्यानातून पातं काढून उजेडात धरलं.

"हे काय आहे?"

"स्वयंपाकघरातलं आहे."

"धरतात कुठे?"

"धरत नाहीत. भाजी धरतात."

त्याने दुसऱ्याला बोलावलं, त्याने तिसऱ्याला. शेवटी मी काउंटरच्या कडेला स्क्रू आवळून, माझ्या डब्यातल्या काकडीच्या चकत्या करून दाखवल्या. तिसरा म्हणाला, "माझ्या आजीला हवी अशी." सोडलं.

गाव तसंच आहे. नदीच्या डोक्यावरून ती उलटी टांगलेली रेल्वे अजून तशीच झुलत जाते. तुम्ही विचारणार म्हणून आधीच लिहिते: चाकं वर, रुळावर, डबा खाली लोंबतो. बेअरिंगचं मला माहीत नाही.

हेल्गाने दार उघडलं आणि म्हणाली, "जाड झालीस. छान." जुनी मंडळी गुरुवारी जमली होती. भिंतीवर आमचे फोटो होते तिथेच आहेत. फक्त चूल थंड आणि टेबलावर विकतच्या सुपाचे डबे. ते उघडले तळमजल्यावरच्या डिटरने, कारण हेल्गाला उघडता येत नाहीत. ती खिडकीबाहेर बघत होती.

मी म्हटलं, थांबा. पिशवी उघडली, विळी टेबलाला आवळली. हेल्गाला खुर्चीवर बसवलं, पुढ्यात कांदा ठेवला. तिने बराच वेळ विळीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि हात उचलला.

मामू, तिने डावा हात उचलला. गेलाय तो उजवा.

तरी तिने कांदा लावून बघितला. डाव्या हाताने पात्याच्या पलीकडून, मनगट मुरडून. पातं कललं होतं ते नेमकं तिच्या बोटांवर. मीच तिचा हात धरून मागे घेतला. ताटली भलत्या बाजूला, चकत्या तिच्या मांडीवर. मग हेल्गाच हसायला लागली, इतकी की डिटरने पाणी आणून दिलं. म्हणाली, "उत्तम वस्तू आहे. माझ्या दुसऱ्या हातासाठी."

हसली खरी. पण सगळे गेल्यावर येन्सला फोन करून म्हणाली, "चार तारखेला ये. खोके घेऊन ये."

तुमच्या पत्रातली 'डावीकडच्या ताटलीत' ही ओळ मी विमानतळावर वाचली होती. वाचली आणि पुढे गेले.

सायमा


पौड,
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

सायमास,

तू 'एक हात' असं लिहिलंस. कुठला, ते लिहिलं नाहीस. माप अर्धवट आलं तर काम अर्धवट होणार. यात कारागिराचा दोष नाही. वीस ऑगस्टचं तुझं पत्र समोर ठेवून हे लिहितो आहे. त्यात उजवा-डावा हा शब्द कुठेही नाही.

नवीन करायला मला सोळा दिवस लागतात. पार्सल पोचायला किती, ते पोस्टात विचारलं. साहेब म्हणाले, सांगता येत नाही. म्हणजे चार तारखेपर्यंत जमत नाही.

हा डिटर कोण?

नसीर

*(खाली मामीच्या अक्षरात)* सायमा, खरं ते सांगते. ज्या दिवशी तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी यांना विचारलं होतं, कुठला हात चालतोय बाईचा? तर म्हणाले, "चालता हात म्हणजे उजवाच. डाव्यानं कोणी भाजी चिरतं काय?" आता दोन वेळा जेवले न्हाईत. शेडात बसून आहेत.


वुपरताल,
बुधवार, १७ सप्टेंबर २०२५

नसीर मामू, सलाम.

मी लिहिलं नाही हे खरं. तुम्ही विचारलं नाही हेही खरं. दोघांनी मिळून एका बाईला फसवलं, तेव्हा भांडण नंतर करू. जेवा आधी.

डिटर हा तळमजल्यावर राहणारा म्हातारा. इथून दहा-बारा किलोमीटरवर झोलिंगन नावाचं गाव आहे; सुऱ्या-कात्र्यांसाठी साऱ्या देशात प्रसिद्ध. त्याने तिथे एक्केचाळीस वर्षं पात्यांना धार लावली. गुरुवारी सगळे हसत होते तेव्हा हा एकटा हसत नव्हता. काल वर आला आणि म्हणाला, "ते वाकडं पातं बघू." नखाने टिचकी मारून कानाशी धरलं. अंगठ्यावरून फिरवलं. मग आमचं बोलणं झालं ते असं:

"कोणाच्या हाताखाली शिकलाय हा माणूस?"

"कोणाच्याच नाही. स्वतःच शिकले."

"अशक्य. मग त्याच्या चुका कोण दाखवतं?"

मी म्हटलं, मामी.

तो म्हणतो, पातं उत्तम आहे, फेकायचं नाही. नुसतं उलटं करून बसवू. तुम्हाला पटतं का? आणि सोबत एका कागदाचा फोटो पाठवते आहे, शेजारी पट्टी ठेवून काढलेला. हेल्गाचा डावा पंजा. पेन्सिल मी फिरवली, नाव-तारीख तिने स्वतः घातली. अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहायला ती आत्ता शिकते आहे.

सायमा


पौड,
शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

चि. सायमास, सलाम आणि दुआ.

कागद मिळाला. झेरॉक्सवाल्याकडून मूळ मापात छापून घेतला आणि शेडात लावला. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत आठ इंच एक सूत. तू म्हणालीस दोन बोटं मोठा. तुझा जुना पंजा शेडात आहे, त्याच्याशी ताडून बघितलं. खरा फरक दीड बोटाचा आहे.

चूक माझी. हे एकदाच लिहितो. तू अर्धवट लिहिलंस म्हणून मी रागावलो, पण पंजा घेतल्याशिवाय काम करू नये हा नियम माझा, मोडला मी. पंजा घेतला असता तर त्या बाईने आपोआप चालताच हात कागदावर ठेवला असता. नियम केला तेव्हा तो इतका शहाणा आहे हे मला माहीत नव्हतं.

आता डिटरसाहेबांना शब्दशः सांग.

एक. उलटं बसवलं तर धार टेबलापलीकडे तोंड करील. त्यांनी घाईत म्हटलं असेल.

दोन. पाचर नवी करावी लागेल, कल उजवीकडे. एक इंचाला एक सूत. त्यांच्या मापात सूत म्हणजे तीन मिलिमीटर धरू नये. तीन पूर्णांक एकशे पंचाहत्तर सहस्रांश.

तीन. धारेचा उतार आता उजव्या बाजूला घ्यायचा, डावी बाजू सपाट करायची. जवळजवळ दोन सुतं लोखंड जाईल. जाऊ दे, मी जास्तीचं ठेवलं आहे.

चार, आणि हे लाल शाईने लिहितो: मशीनवर घासायचं नाही. पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि मग ते पत्र्यासारखं होतं. हाताने, ओल्या दगडावर. किती दिवस लागतील ते लागोत.

विचार त्यांना, एक्केचाळीस वर्षांत त्यांनी स्प्रिंगच्या पाट्याला कधी हात लावलाय का.

तुझा
नसीर मामू

*(खाली मामीच्या अक्षरात)* जेवले.


वुपरताल,
शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५

नसीर मामू, सलाम.

तुमचं पत्र डिटरला वाचून दाखवलं. पहिल्या मुद्द्यावर तो म्हणाला, "हं." दुसऱ्यावर कागद-पेन्सिल घेतली. तिसऱ्यावर मान हलवली. चौथ्यावर भडकला. "मला सांगतो हा? मला? आमच्याकडे पाण्याची धार सोडून मशीन चालवतात. पातं तापतच नाही." मी म्हटलं, लाल शाईने लिहिलंय. त्याने पत्र माझ्या हातातून घेतलं, एक अक्षर वाचता येत नसताना लाल ओळीकडे बराच वेळ बघितलं आणि दगड काढला.

सहा दिवस. सकाळी नऊ ते बारा, तळघरात. मी पाणी शिंपडायला. रोज तासाभराने तो म्हणायचा, "मशीनवर वीस मिनिटांचं काम," आणि पुढे घासायचा. चौथ्या दिवशी म्हणाला, "तुझ्या मामाला सांग, पोलाद हट्टी आहे." मग थोड्या वेळाने, "चांगलं आहे, असं सांग." स्प्रिंगच्या पाट्याला त्याने कधीच हात लावला नव्हता. हे तुम्हाला सांगू नकोस असं म्हणाला.

पाचर त्याने जुन्या खुर्चीच्या पायातून काढली. हेल्गाला रोज खाली आणून बसवायचा, हात ठेवायला लावायचा, पुन्हा तासायचा. ती वैतागायची. "शिंप्याकडे कोट टाकलाय का मी?"

काल गुरुवार. विळी आवळली. ताटली उजवीकडे. हेल्गाने डाव्या हाताने कांदा पात्याला लावला आणि ढकलला. चकती पडली. बारीक नाही, बोटाएवढी जाड. दुसरी पडली. तिसरी पातळ. मग ती थांबेचना. आम्ही म्हणतोय पुरे, ही म्हणते गप्प बसा. अकरा कांदे, मामू. सुपाला लागतात दोन. खोलीत सगळ्यांचे डोळे वाहत होते आणि कोणाचे कशामुळे ते कोणी विचारलं नाही.

बटाटे काट्यांवर रोवून सोलले. पोरो नावाचा एक लांब पातीचा कांदा इथे मिळतो, तोही जमला. गाजर निसटलं, दोनदा टेबलाखाली गेलं. आज सकाळपासून ती गाजराच्या मागे आहे.

चार तारखेला येन्स खोके घेऊन येतोय. त्याला अजून काही सांगितलेलं नाही. हेल्गा म्हणते, "सांगायचं नाही. वाढायचं."

सायमा


पौड,
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

चि. सायमास, सलाम आणि दुआ.

गाजर आडवं धरायचं नाही, तिरकं धरायचं. जाड टोक तळव्यात. पहिला काप टोकाचा काढून टाकायचा, मग ते गोल फिरत नाही. आजच सांग.

डिटरसाहेबांना माझा सलाम सांग. सहा दिवस हाताने घासलं, हे मी इथे चार माणसांना सांगितलं आहे.

तुझा
नसीर मामू


वुपरताल,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

नसीर मामू, सलाम.

काल येन्स आला. गाडीत बावीस खोके घडी करून ठेवलेले. दारातूनच म्हणाला, "आई, वास कसला येतोय?"

"बस."

"कोणी केलं? सायमाने?"

"बस म्हटलं ना."

बसला. बटाट्याचं सूप, गाजर, पोरो, आणि शेजारी मामीच्या आंबेमोहराचा भात, कारण हेल्गाला तो भलताच आवडलाय. येन्सने दोन वाट्या संपवल्या आणि मग शांतपणे म्हणाला, "आई, खरं सांग. मला फसवू नकोस. मी आठवड्याला इथे येऊ शकत नाही. तू पडलीस, भाजलीस, तर मला कळणारही नाही." हेल्गा उठली, विळीपाशी बसली आणि त्याच्यादेखत एक गाजर चिरलं. तिरकं धरून. मग एक बटाटा सोलला. चूल पेटवली, विझवली. घड्याळ लावल्यासारखं एकेक.

येन्स म्हणाला, "मला बघू." तिच्या जागी बसला, उजव्या हाताने कांदा घेतला. पातं त्याच्या बोटांवर कललेलं, ताटली भलतीकडे, चकती उडून त्याच्या शर्टावर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. हेल्गा कमरेवर डावा हात ठेवून उभी. "राहू दे, बाळा. या टेबलावर आता मदत तुला लागते."

तो हसला. मग त्याने टेबलावर डोकं टेकलं. संध्याकाळी ब्रेमेनला फोन करून खोली सोडली. अट एकच: रोज सकाळी डिटरने वर येऊन कॉफी प्यायची, म्हणजे कोणीतरी बघून जाईल. डिटर म्हणाला, त्याला यात काही गैर वाटत नाही. कानापर्यंत लाल झाला होता. खोके त्याने तळघरात ठेवून घेतले.

आता तुमच्यासाठी बातमी. डिटरच्या पुतण्याचा झोलिंगनला स्वयंपाकघरातल्या हत्यारांचा छोटा कारखाना आहे. तो शुक्रवारी येऊन विळी तासभर बघत बसला होता. काल त्याने कागद पाठवला. विळीची रचना आणि बनवायचा हक्क त्याला विकत हवा आहे. डाव्या-उजव्या अशा दोन जाती, एकाच मापाच्या, दुकानांतून विकायच्या. रक्कम चांगली आहे. कागदाचा मराठीत तर्जुमा करून सोबत जोडलाय. चौथं कलम नीट वाचा. मी माझं मत लिहीत नाही. तुमचं काम, तुमचा निर्णय.

परवा निघते.

सायमा


पौड,
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

चि. सायमास, सलाम आणि दुआ.

तू बावधनला सुखरूप पोचलीस हे मामीकडून कळलं. येन्सचा शर्ट धुताना कांद्याचा वास गेला का, ते मात्र लिहिलं नाहीस.

हेल्गाबाई आपल्या घरात राहिल्या. त्या दिवशी तुझं पत्र मी मामीला दोनदा वाचून दाखवलं, आणि तिसऱ्यांदा शेडात एकट्याने वाचलं. सहाशे तेरा विळ्यांत ही एक अशी, जिला दुसऱ्या माणसाने हात लावला आणि ती सुधारली. हे मला आधी आवडलं नव्हतं. आता चालतं. त्यांना सुपाचे डबे उघडता येत नाहीत, त्या झाकणांचं मी बघतो; टेबलाला आवळायचा चिमटा डोक्यात आहे. पण या वेळी आधी विचारतो: त्यांच्याकडच्या झाकणांचा व्यास किती? सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा, दोन्ही.

आता पुतण्याचा कागद. चौथं कलम वाचलं. त्याचा अर्थ असा की सही केल्या दिवसापासून एका हाताची विळी मी करायची नाही, विकायची नाही, कोणाला करून द्यायची नाही.

मंगळवारी तो कागद हातात घेऊनच बसलो होतो, तर दारात गेणबा. तू त्याला ओळखतेस, भातगिरणीवाला. गेल्या वर्षी पट्ट्यात एक हात गेला त्याचा आणि दुसऱ्याची तीन बोटं. मामीने बाजारात सगळ्यांना सांगितलं आहे, तिला काही सांगू नकोस म्हणणं म्हणजे भोंगा लावणं. गेणबा म्हणाला, "नसीरभाई, जर्मनीच्या बाईला विळी, आन् हितं आमी काय पाप केलंय? बायको गेल्यापास्नं वरणभातच खातुया. कांदा खाऊन दीड वरीस झालं."

म्हटलं, पंजा ठेव.

त्याने टेबलावर हात ठेवला. "दोनच बोटं हायेत. पेन्सिल लवकर फिरंल तुमची."

मी पेन्सिल फिरवली. अंगठा आणि करंगळी. या मापाची विळी दुकानातल्या दोन जातींत बसत नाही. याला पातं सरळ आणि पाट अरुंद लागेल. मी नाव घातलं, तारीख घातली. आणि चौथ्या कलमाप्रमाणे त्या क्षणी मी गुन्हेगार झालो असतो. भूगावहून एका बाईंचा फोन आला, सासऱ्यांना झटका आलाय. महाळुंग्यातून एक. दोघांनाही या म्हटलं आहे. येताना माणूस घेऊन या, नुसतं माप नको.

पुतण्या वाईट नाही. त्याने विचारलं तरी. न विचारता केली असती तर मला काय कळणार होतं? त्याला माझ्या वतीने नीट शब्दांत लिही, की करायची असली तर कर, मी आड येत नाही, पैसेही मागत नाही. पण माझे हात मी बांधून देणार नाही. डिटरसाहेबांना वाईट वाटेल असं काही लिहू नकोस. त्यांच्यासाठी बाभळीची एक मूठ पाठवतो आहे, दगडावर घासताना पातं धरायला. त्यांचा पंजा मात्र पाठव.

तुझा
नसीर मामू

ता. क. मामी काल दिवसभर भांडी आपटत होती. आज सकाळी चहा देताना म्हणाली, "गेणबाची आधी करा." मग म्हणाली, "पण आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढं कोणी म्हणायला नको की मला ठाऊक नव्हता." म्हणून लिहितो. रचना आणि हक्क कायमचे विकून टाकण्याबद्दल मी नको म्हटलेली रक्कम: साडेबारा हजार युरो. आजच्या पेपरातल्या भावाने, युरोला एकशे तीन रुपये वीस पैसे धरून, बारा लाख नव्वद हजार रुपये.